रतनवाडी: आधी महिना ठरवा, मग बेत

रतनवाडीला कधी यावं, असं वाडीत कुणाला विचारलं की उत्तराऐवजी प्रश्नच येतो, "कशापायी येताय?" या प्रश्नाचा विचार न करता निघालेले लोक जुलैत सांदण दरी बघायला येतात आणि तोंडावरूनच परत फिरतात, नाहीतर एप्रिलात धबधबे शोधत हिंडतात. देऊळ, गड, घळ, काजवे, धबधबे हे सगळं एका जलाशयाभोवती आहे हे खरं. पण ते एका खेपेत हाती लागत नाही. इथे पाऊस ज्याला त्याला आपापला महिना वाटून देतो.

जागा कुठली, ते आधी. अहिल्यानगर जिल्हा (जुनं अहमदनगर), अकोले तालुका, भंडारदरा जलाशयाच्या शेपटाकडचं गाव. पाठीशी १,२९७ मीटर उंचीचा रतनगड, पुढे पाणी, आणि घाटमाथ्याची धार ओलांडली की खाली थेट शहापूर तालुका, म्हणजे कोकण. प्रवरा इथेच रतनगडाच्या अंगावर उगम पावते. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे. हा सगळा परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे मुक्काम, शेकोटी, रात्रीची भटकंती यांवर वनखात्याचे नियम लागू आहेत. ते दरवर्षी थोडे बदलतात. गावातल्या नाक्यावर विचारलं की कळतं.

महिन्यांचा हिशोब असा. जून मध्यापासून सप्टेंबरपर्यंत धबधबे, धुकं आणि भाताची आवणी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गडाला सगळ्यात चांगली हवा असते, ओढे वाहते, गवत अजून हिरवट, गडावरची पाण्याची टाकी भरलेली. डिसेंबर अखेरीपासून मे मध्यापर्यंत सांदण. मेचा शेवटचा आठवडा आणि जूनचा पहिला पंधरवडा काजव्यांचा. देऊळ तेवढं बाराही महिने.

घाटघर-रतनवाडीचा पाऊस साधा नाही. महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पावसाच्या जागांत या दोन गावांची नावं नेहमी असतात, वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या आसपास. जुलैत दिवसच्या दिवस गड दिसत नाही. पावसाळ्यात इथे येणाऱ्याने "व्ह्यू" हा शब्द घरीच ठेवून यावा. समोर दिसेल ते खाचरातलं पाणी, इरलं पांघरून वाकलेली माणसं आणि मध्येच ढग फाटला तर मिनिटभर कड्यावरून सुटलेले दहा-पंधरा पांढरे दोर.

पोचायचं कसं, ते थोडक्यात. मुंबईकडून कसाऱ्यापर्यंत लोकल, तिथून जीप किंवा एसटीने घोटी, घोटीहून बारीमार्गे शेंडी. लोक ज्याला भंडारदरा म्हणतात ते गाव म्हणजेच शेंडी. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी. शेंडीपासून जलाशयाला वळसा घालणारा रस्ता आहे: एका अंगाने मुतखेल, कोलटेंभे करत रतनवाडी, दुसऱ्या अंगाने मुरशेत, पांजरे, उडदावणे करत साम्रद. रतनवाडी शेंडीहून सुमारे २० किलोमीटर, पण वेळ पाऊण ते एक तास धरा. वळणं आहेत, खड्डे आहेत, पावसाळ्यात धुकं आणि रस्त्यावर बसलेली जनावरंही आहेत. गाडीची टाकी घोटीला किंवा राजूरला भरून घ्यावी आणि रोख पैसेही तिथेच काढावेत. रतनवाडीत नेटवर्क कधी येतं, कधी जातं, ऑनलाइन पैसे देण्यावर विसंबू नये. एसटीच्या फेऱ्या मोजक्या, त्यामुळे गाडी नसेल तर शेंडीहून जीप ठरवताना परतीचंही तेव्हाच बोलून घ्यावं. संध्याकाळी पाच वाजता रतनवाडीत उभं राहून जीप शोधणं म्हणजे मुक्काम वाढवणंच.

देऊळ

अमृतेश्वराचं देऊळ बहुतेक जण गडावर जाता जाता दहा मिनिटांत उरकतात. ते चुकतं. निदान दीड तास द्यावा, आणि तोही सकाळी.

गावात, पाटीवर, गाइडच्या तोंडी एकच शब्द ऐकू येईल: हेमाडपंती. महाराष्ट्रात चुन्याशिवाय बांधलेलं कुठलंही जुनं दगडी देऊळ हेमाडपंती म्हणायची रीत आहे. पण हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री. दुसरीकडे परंपरा सांगते की हे देऊळ शिलाहार राजा झंझ याने बांधलं. झंझ दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा. अरब प्रवासी अल-मसूदी ९१६ साली चौलला आला होता, तेव्हा उत्तर कोकणावर झंझचंच राज्य होतं. त्याने शंकराची बारा देवळं बांधली अशी ख्याती आहे आणि लोक ती बारा देवळं नद्यांच्या उगमाशी जोडतात: प्रवरेला अमृतेश्वर, कुकडीला कुकडेश्वर, मुळेला हरिश्चंद्रेश्वर. म्हणजे देऊळ झंझचं असेल तर ते हेमाडपंती नाही, आणि हेमाडपंती असेल तर ते झंझचं नाही. दोन्ही गोष्टी एकाच पाटीवर सुखाने नांदतात.

दगड स्वतः काय सांगतो ते शिखराकडे पाहिलं की कळतं. चारही बाजूंच्या मधोमध नक्षीची एकेक सलग पट्टी पायथ्यापासून वरपर्यंत जाते, तिला लता म्हणतात. दोन लतांमधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी आहेत. प्रत्येक छोटं शिखर आपल्या बुटक्या खांबावर उभं, आणि वर जाताना आकार लहान लहान होत जातो. ही भूमिज शैली. अंबरनाथचं शिवमंदिर याच घराण्यातलं, तिथला शिलालेख १०६० सालचा. सिन्नरचा गोंदेश्वरही याच शैलीतला. आज उभं असलेलं शिखर त्यामुळे अकराव्या शतकाच्या आधीचं मानायला अभ्यासक सहसा तयार नसतात. पुणे किंवा नाशिकहून येताना सिन्नर वाटेवर पडत असेल तर गोंदेश्वर आधी पाहून यावं. मग अमृतेश्वर पाहताना काय सारखं, काय वेगळं हे आपोआप दिसायला लागतं.

वेगळं काय, तर या देवळाला दोन्ही बाजूंनी दार आहे. एकीकडून सभामंडपातून आत जाता येतं, दुसरीकडून मागच्या छोट्या मंडपातून थेट गाभाऱ्याशी. त्यामुळे नवखा माणूस पुढची बाजू कोणती यातच घोटाळतो. मंडपात काळोख असतो. मोबाइलचा टॉर्च समोरून मारला तर खांब सपाट दिसतो. तो खांबाला जवळजवळ चिकटवून, बाजूने धरावा. मग कीर्तिमुखाचे बटबटीत डोळे, तुळईखाली पोट फुगवून बसलेले भारवाहक, भूमितीच्या नक्षीतली एकात एक अडकलेली चौकटं, हे सगळं उठून येतं. छताकडे पाहायला विसरू नका. बाहेरच्या भिंतींसाठी सकाळचं तिरकं ऊन सर्वांत चांगलं; दुपारी बारा वाजता हाच काळा दगड आंधळा होतो. ऐन पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी चढतं आणि पिंडी बुडते, म्हणून गाभारा पाहायचाच असेल तर दिवाळीनंतर यावं. पावसात फरशी शेवाळते, अनवाणी चालताना टाच आधी टेकवू नये, पूर्ण तळवा टेकवावा. मोजे घालून तर अजिबात जाऊ नये, ओला मोजा दगडावर साबणासारखा सरकतो.

देवळाजवळची पुष्करणी साधारण वीस फूट चौरस. चारी भिंतींत मिळून बारा देवकोष्ठं, म्हणजे मूर्तींचे कोनाडे, बहुतेकांत विष्णूची रूपं. शंकराच्या दारात विष्णूची ही पंगत मुद्दाम पाहण्यासारखी आहे, कारण कथाही तशीच आहे. समुद्रमंथनानंतर मोहिनीने राहूचं मुंडकं उडवलं, ते राहुरीला पडलं, त्याच्या गळ्यातून सांडलेल्या अमृताची धार म्हणजे प्रवरा, म्हणून ती अमृतवाहिनी आणि हा अमृतेश्वर. मोहिनीराजाचं देऊळ खाली नेवाशात, त्याच प्रवरेच्या काठी. एकाच नदीवर वरून खालपर्यंत ही गोष्ट पसरली आहे. पुष्करणीत उतरून पाय धुणं, प्लास्टिकच्या बाटल्या बुडवणं, हे दर रविवारी चालतं. ते करू नका.

आवारातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, वाचायची एक सोपी पद्धत: खालून वर. खालच्या चौकटीत लढाई किंवा आडवा पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत तोच वीर पिंडीची पूजा करताना. माथ्यावर कलश किंवा चंद्र-सूर्य, म्हणजे कीर्ती चंद्र-सूर्य असेतो टिको. अक्षर नसलेला हा मृत्युलेख आहे. त्यावर टेकून डबा खाणारे बघितले की वाईट वाटतं.

गड

रतनवाडीतून रतनगडाला चढायला बऱ्या चालीच्या माणसाला अडीच ते तीन तास लागतात, उतरायला दोन. वाट प्रवरेच्या पात्राशी खेळत जाते, सुरुवातीला नदी तीन-चारदा ओलांडावी लागते. ऑक्टोबरात घोट्याएवढं पाणी असतं. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी ओलांडलेला ओढा दुपारी ओलांडता येईलच असं नाही, आणि गडावर अडकणाऱ्यांची बहुतेक प्रकरणं इथेच घडतात. पावसाळ्यात चढायचंच असेल तर वाटाड्या घेतल्याशिवाय जाऊ नये. पाण्याचा रंग विटकरी झाला, वाहत्या काड्या-पानं वाढली, दगडांचा घरंगळल्यासारखा आवाज आला, की पाय घालायचा नाही. दोन तास थांबावं, पाऊस उघडला तर पाणी जसं चढतं तसंच उतरतंही.

रानातून वर आलं की फाटा लागतो. सरळ जाणारी वाट कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, पाचनई करत हरिश्चंद्रगडाला जाते. ती स्वतंत्र दोन-तीन दिवसांची मोहीम. गडाची वाट उजवीकडे वळते. फाट्यावर खुणा आहेत, पण गप्पांच्या नादात सरळ पुढे गेलेले पुष्कळ. चढ संपून बराच वेळ सपाट चालत असाल आणि शिड्या आल्या नसतील तर वाट चुकली आहे असं समजा आणि मागे फिरा.

लोखंडी शिड्यांचं तंत्र सोपं, पण शनिवार-रविवारी तेच मोडतं. तोंड शिडीकडे, उतरतानाही. दोन हात आणि दोन पाय यांतलं एका वेळी एकच सोडायचं. एका शिडीवर एका वेळी एक माणूस. हातात काठी, मोबाइल, बाटली काही नको. सॅकच्या बाहेर पिशवी लोंबकळत ठेवू नये, कारण शिडीच्या टोकाशी माकडं बसलेली असतात आणि दोन्ही हात अडकलेल्या माणसाच्या पिशवीवर त्यांचा डोळा असतो. पिशवी गेली तर जाऊ द्यावी, हिसकाहिसकी शिडीवर करायची नसते. साडेनवाच्या पुढे चढणाऱ्यांची आणि बारापासून उतरणाऱ्यांची अशी गर्दी होते की तासन् तास खोळंबा होतो. सकाळी साडेपाचला गाव सोडलं की आठच्या सुमारास शिड्या मोकळ्या मिळतात. ही एक गोष्ट पाळली तरी निम्मा त्रास वाचतो.

शिड्यांनंतर गणेश दरवाजा, मग हनुमान दरवाजा. डावीकडे गुहा आहेत, लहान गुहेत रत्नाबाईचा तांदळा, म्हणजे देवी म्हणून पुजला जाणारा दगड. कळसूबाई, रत्नाबाई, कात्राबाई या तिघी बहिणी, अशी इथली समजूत, आणि तिन्ही डोंगर एकमेकींना दिसतात. माथ्यावर फिरताना कोकण दरवाजा, बुरुजाचे अवशेष, कातळात कोरलेली टाकी लागतात. फेब्रुवारीनंतर टाक्यांचं पाणी उतरतं आणि हिरवट होतं, ते गाळून-उकळूनच प्यावं. माणशी तीन लिटर पाणी खालूनच न्यावं. दोन लिटर पुरेल असं चढताना वाटतं, उतरताना पुरत नाही.

सगळे ज्यासाठी येतात ते नेढं सर्वांत वरच्या अंगाला. सुईच्या नाकासारखं कड्याला आरपार पडलेलं भोक, पण एवढं मोठं की आत दहा-बारा माणसं ऐसपैस बसतात. बेसाल्टचे थर सारखे कठीण नसतात. अरुंद धारेत मधला ठिसूळ थर ऊन, पाणी, वाऱ्याने झिजत गेला आणि वरचा कठीण थर छतासारखा टिकला, की असं नेढं उरतं. त्यातून वारा इतक्या जोराने जातो की टोपी, कागद, हलकी छत्री सांभाळावी लागते. कडेला पाय सोडून फोटो काढण्याची हौस इथे नको. वारा एकसारखा नसतो, मध्येच थांबतो आणि त्याच्यावर रेललेल्या माणसाचा तोल जातो. समोर अलंग-मदन-कुलंग हे तीन गड, कळसूबाई, खाली जलाशय, बाजूला खुट्ट्याचा सुळका, पलीकडे आजोबा डोंगर.

नेढ्यापासून त्र्यंबक दरवाज्याने साम्रदला उतरता येतं. पायऱ्या कातळात कोरलेल्या, गुडघ्याएवढ्या उंच, आणि गडाची बांधणी कळायला हीच बाजू जास्त चांगली. ऑक्टोबर ते मे या काळात शिडीने चढून इकडून उतरणं हा उत्तम बेत, सात-आठ तास धरावेत. पावसात शेवाळामुळे टाळावा. यात लोक एकच गोष्ट विसरतात: गाडी रतनवाडीत राहते आणि आपण साम्रदला उतरतो. दोन्हीमधला डांबरी रस्ता दमलेल्या पायांना फार लांब वाटतो. सकाळी निघतानाच जीप सांगून ठेवावी.

सांदण

साम्रद गावातून वीसेक मिनिटं चाललं की जमीन एकदम फाटते. सांदण दरी ही डोंगरावर चढण्याची जागा नव्हे, जमिनीत उतरण्याची. खडकातल्या उभ्या कमकुवत रेषेवर पाण्याने कोरलेली ही घळ सुमारे दोन किलोमीटर लांब, कडा दोनशे फुटांहून उंच, आणि काही ठिकाणी हात पसरले की दोन्ही भिंतींना लागावेत इतकी अरुंद. ऊन तळाशी दुपारी थोडा वेळच पोचतं. एप्रिलच्या उन्हाळ्यातही आतला दगड गार लागतो.

साधा दौरा म्हणजे तोंडापासून दोराच्या पहिल्या टप्प्यापर्यंत जाऊन परत. तीन ते चार तास. वाट नाहीच, नुसते धोंडे, माठापासून खोलीएवढे. वाटेत पाण्याचे दोन डोह. पहिला उथळ, दुसरा खोल. डिसेंबर-जानेवारीत दुसऱ्यात कमरेच्या वर, बुटक्या माणसाला छातीपर्यंत पाणी येतं. एप्रिलपर्यंत ते गुडघ्यावर येतं. पाणी बर्फासारखं, तळाचे दगड दिसत नाहीत, म्हणून पाय उचलून टाकण्याऐवजी सरकवत न्यावा. जीन्स नको, ती भिजली की जड होते आणि वाळत नाही. बूट काढून डोह ओलांडायचा मोह आवरावा. तळव्याला कापलं की पुढचे सगळे धोंडे जखमेवर. बूट भिजू द्यावेत, कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावेत. मोबाइल आणि औषधांना नुसत्या सॅकवर भरवसा नको, आत जाड पिशवी बांधावी.

धोंड्यांवर चालताना उडी मारण्याआधी धोंडा पायाने हलवून पाहावा. दर पावसाळ्यात पूर सगळी मांडणी बदलतो, गेल्या वर्षी घट्ट असलेला दगड यंदा डुगडुगता असतो. घोटा मुरगळणं हा इथला सर्वांत सामान्य अपघात, आणि तो जवळजवळ नेहमी परतीच्या शेवटच्या तासात होतो, कारण तोवर पाय थकलेले असतात आणि लक्ष चहाकडे असतं.

पूर्ण घळ उतरायची असेल तर गोष्ट वेगळी. पहिला टप्पा ४५ फुटांच्या आसपास दोराने उतरायचा, पुढे आणखी छोटे टप्पे, मग खाली कोकणाच्या अंगाला डेहणे, किंवा करोली घाटाने चढून पुन्हा साम्रद. पहिला टप्पा उतरून दोर ओढून घेतला की परतीचा मार्ग बंद. पुढे काहीही झालं तरी खालीच जायचं. म्हणून निघण्याआधी नेत्याला चार प्रश्न विचारावेत. उतरायच्या दोराशिवाय प्रत्येकाला वेगळा सुरक्षा दोर, म्हणजे बिले, आहे का? दोर एकाच आधाराला बांधणार की दोन? हेल्मेट सर्वांना आहे का, की पाळीपाळीने? आणि किती माणसं, किती दोर? शेवटचा प्रश्न हिशोबाचा. एका माणसाला अडकवणं, उतरवणं, सोडवणं यात सहा मिनिटं धरा. चाळीस जण आणि एक दोर म्हणजे एका टप्प्यालाच चार तास. अशा गटाला डिसेंबरात घळीतच अंधार पडतो. उत्तर "होईल हो सगळं" असं आलं तर पैसे गेले तरी बेहत्तर, मागे फिरावं. दोरावर असताना केस, ओढणी, सॅकचे पट्टे आत खोचलेले हवेत, ते उतरण्याच्या कडीत अडकले की मधोमध लटकायला होतं.

पावसाळ्यात घळ बंद असते आणि ती बंदी कागदी नाही. वरच्या उतारांचं सगळं पाणी एका चिंचोळ्या फटीत येतं. डोक्यावर निळं आकाश असतानाही मागच्या डोंगरावर पडलेला पाऊस इथे लोंढा होऊन येतो. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग दुपारी चढतात, म्हणून त्या महिन्यांत सकाळी सातला आत आणि दोनपर्यंत बाहेर. पाणी अचानक गढूळ झालं तर सामानाचा विचार न करता जवळच्या उंच धोंड्यावर किंवा कपारीत चढावं. तोंडाकडे पळत सुटू नये.

दुसरं भय आग्या माश्यांचं. कड्यांना पोळी असतात. अत्तर, डिओ, धूर, आरोळ्या, ड्रोन, यांपैकी काहीही नको. माश्या उठल्याच तर चेहरा आणि मान कापडाने झाकून लवकरात लवकर त्या जागेपासून दूर जावं, हात झाडू नयेत. खूप डंख बसले, किंवा एकाच डंखानंतर श्वास लागला, ओठ सुजले, तर घरगुती उपाय करत बसू नये, राजूरकडे गाडी काढावी.

काजवे

मेअखेरीस पहिला वळीव पडला की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, आंबा अशी झाडं रात्री पेटल्यासारखी दिसतात. एकेका झाडावर हजारो काजवे, आणि पुष्कळदा सगळे एका तालात उघडझाप करतात. लुकलुक करणारे बहुतांशी नर, मादी झुडपातून उत्तर देते. म्हणजे हा प्रकाश संवाद आहे. पूर्ण वाढलेल्या काजव्याचं आयुष्य जेमतेम दोन-तीन आठवड्यांचं, त्यातच जोडी जमून अंडी घालून व्हायची असतात. जीपचा हेडलाइट पडला की तो संवाद तुटतो. अळ्या वर्षभर ओल्या मातीत, गोगलगायी खाऊन जगतात, म्हणून झाडाखालचं गवत तुडवणं हेही नुकसानच.

शनिवार टाळा. खरं तर काजव्यांच्या शनिवारी इथे काजव्यांपेक्षा टेललाइट जास्त दिसतात. अमावास्येच्या आसपासचा मधला वार निवडावा, अंधार पडल्यावर साडेसात ते नऊ हा चांगला वेळ. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावावा आणि तोही जमिनीकडेच धरावा. फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत फक्त पानं येतात. तिपाई आणि वीस-तीस सेकंदांचं एक्सपोजर नसेल तर कॅमेरा खोक्यातच ठेवावा. मोठा पाऊस लागला की हा खेळ चार-आठ दिवसांत आटपतो.

मुक्काम आणि ताट

रतनवाडी, साम्रद दोन्हीकडे घरगुती मुक्काम मिळतो. तंबूपेक्षा घर निवडावं, पैसे घरात जातात आणि जेवण कितीतरी बरं असतं. जेवणाचं फोनवर सांगताना माणसं नक्की सांगावीत. वीस सांगून बारा गेलात तर आठ जणांची भाकरी वाया. नाचणीला इथे नागली म्हणतात. नागलीची भाकरी, पिठलं, खुरासणीची चटणी, वरईचा भात, पावसाळ्यात रानभाज्या. भाकरी गरम असतानाच खावी, नागलीची गार भाकरी वातड होते.

जलाशयाबद्दल एवढंच, की १९१० मध्ये काम सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झालेलं भंडारदऱ्याचं विल्सन धरण हे दगडी बांधकामाचं आहे, उंची ८२ मीटर, साठा अकरा टीएमसी. पंधरा ऑगस्टच्या आसपास ते भरतं. इथे पडलेलं पाणी कालव्यांनी खाली राहुरी-श्रीरामपूरच्या उसाला जातं आणि मे महिन्यात वरच्याच वाड्यांच्या विहिरी तळाला लागलेल्या असतात. उन्हाळ्यात मुक्कामाला आलात तर आंघोळीला बादलीभर पाणी मिळेल. दुसरी बादली मागू नये.

निघताना तांदूळ घ्यायचा असेल तर काळभात विचारा. तूस काळपट, दाणा बारीक, शिजताना वास दारापर्यंत येतो. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना अशी देशी बियाणी जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री मिळाली, तेव्हापासून विचारणा वाढली आहे, त्यामुळे काळभात म्हणून दुसराच तांदूळही गळ्यात पडतो. साळ कापणीनंतर, म्हणजे दिवाळीपासून पुढे, ज्या घरी मुक्काम असेल त्यांच्याकडेच मागावा. ओंजळीत घेऊन हुंगून पाहावा, आणि घरी आल्यावर पहिल्यांदा शिजवताना पाणी थोडं कमीच घालावं, नवा तांदूळ लवकर गिचका होतो.